आरोग्य स्वयंसेवक व्हायचंय, तयारी काय?

प्रश्न : साथ किंवा पूर आला की आरोग्य पथकात मदतीला जायची इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. आतापासून काय करू?

उत्तर : आधी नाव नोंदवा. आयत्या वेळी थेट दाखल झालेला माणूस पथकाला ओझंच होतो. त्याची ओळख, लसी, प्रशिक्षण तपासायला तिथे कुणाला सवड नसते.

लसींचं लगेच बघा. हिपॅटायटिस बी लसीचे ३ डोस साधारणपणे ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात, म्हणजे ऐन वेळी सुरुवात करून उपयोग नाही. धनुर्वाताचा बूस्टर दर १० वर्षांनी.

एन-९५ मास्कची फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्याला फट न राहता बसतो का याची तपासणी, करून घ्या. कडेखाली दाढीचे खुंट आले की फटीतून हवा शिरते, मग मास्क कितीही भारी असो. खरा धोका संरक्षक पोशाख काढताना असतो : हातमोज्याच्या बाहेरच्या बाजूला उघडी बोटं लागतात. म्हणून हातमोजे आधी, मास्क सर्वांत शेवटी, तोही पट्ट्यांना धरून. खालची पट्टी आधी, मग वरची. पुढच्या भागाला हात नको. लगेच हात धुवा. हा क्रम आरशासमोर घोटून घ्या, थकल्यावर हमखास चुकतो.

डॉक्टर नाही म्हणून बिचकू नका. नावनोंदणी, रांग लावणं, औषधसाठ्याची वही, यालाही माणसं लागतातच.