बदकांची तळी आणि पायांना सुटणारी खाज

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, घरची बदकं आहेत, दिवसभर भातखाचरात नाहीतर शेजारच्या तळीत असतात. लावणीला उतरलं की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि रात्रभर खाज. काका म्हणतात हे बदकांच्या जंतांमुळे, पूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांना लघवीतून रक्त जायचं तोच रोग. मग अंडी-मटण खायचं की बंद करायचं? बायकोला पाचवा महिना लागलाय म्हणून जास्त टेन्शन.

उत्तर: काका अर्धे बरोबर आहेत. गिमवीचा रोग खरा, 1952 साली त्याची नोंद झाली, पण तो माणसाच्याच रक्तातला कृमी होता, बदकांचा त्यात काही संबंध नाही. तुमची लक्षणं वाचून वाटतंय ते वेगळं. बदकाच्या रक्तवाहिन्यांत ट्रायकोबिल्हार्झिया नावाचा कृमी राहतो, त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, पिल्लं गोगलगायीत शिरून वाढतात आणि काही आठवड्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या शेपटीवाल्या अळ्या होऊन बाहेर पडतात, त्या शोधत असतात बदकाची कातडी आणि सापडतो तुमचा पाय! माणसाच्या कातडीत त्या मरतात, पुढे जात नाहीत, खाज ही त्यांची अ‍ॅलर्जी. म्हणून दरवेळी जास्त जोरात येते.

पण सगळा दोष बदकांवर टाकू नका. तळीत गुरं डुंबतात का? त्यांच्या रक्तकृमींच्या अळ्यांनीही अशीच खाज येते. एखादा बैल नाकातून शेंबूड गाळत घोरत असेल तर तेही अशाच रक्तकृमीमुळे असू शकतं, आधी तो जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, बदकांची ताजी विष्ठाही सोबत न्या. तळीत मोरचूद टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, गोगलगायी मरतील तसे मासेही मरतील. गमबूट घाला, आणि पाण्यातून आलात की लगेच पाय टॉवेलने खसाखसा पुसा, वाळायची वाट बघू नका. खाजेला कॅलामाइन चालतं, पण खाजवून पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा.

मटण-अंड्यांतून हा कृमी येत नाही, खा बिनधास्त. मटणाची काळजी वेगळ्याच कारणाने घ्यायची, ते म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. मांजराच्या विष्ठेने खराब झालेली माती बदकं चिवडतात, त्यातून तो त्यांच्या मांसात जाऊन बसतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. मटण आतपर्यंत रटरटून शिजलं की तो मरतो. कच्चं मटण बायकोने हाताळायला नकोच, ते काम महिनाभर नाही, बाळंत होईपर्यंत तुम्ही करा. अंड्यात भीती साल्मोनेलाची, तो जंत नाही, बॅक्टेरिया आहे, आणि खरं सांगायचं तर बदक पाळणाऱ्या घरात मला जंतांपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. हाफ फ्राय बंद, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडा.