आर्च लिनक्स शिकताना आर्चइन्स्टॉल वापरले तर चालेल का?

आर्च लिनक्स ही संगणकप्रणाली शिकताना आर्चइन्स्टॉलने, म्हणजे ती आपोआप बसवून देणाऱ्या प्रोग्रामने, सुरुवात केली तर चालेल का आणि डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरील खिडक्या-मेनूंचे वातावरण, कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. डेस्कटॉप कोणताही घ्यावा, तो नंतर बदलता येतो. पहिल्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

या विषयावर एका सहकाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. २०२१ पासून आर्चइन्स्टॉल अधिकृत आयएसओमध्येच (पेनड्राइव्हवर घ्यायच्या स्थापनेच्या फाइलमध्ये) मिळत असताना हाताने पार्टिशन पाडणे, म्हणजे डिस्कचे भाग करणे, आणि पॅकेजे बसवणारी पॅकस्ट्रॅप व एफएसटॅब तयार करणारी जेनएफएसटॅब या आज्ञा चालवत बसणे ही निव्वळ मिरवण्याची हौस आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे एकदा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अद्ययावत केल्यावर त्यांचा लॅपटॉप काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ दाखवून थांबला. वायफाय नाही, टचपॅड नाही. हार्डवेअर गेले असे ठरवून ते सगळे पुसून नव्याने बसवायला निघाले होते. मी चालू कर्नलची आवृत्ती आणि मॉड्यूलांची (वायफाय, टचपॅड वगैरे चालवणाऱ्या कर्नलच्या जोडभागांची) डिरेक्टरी पाहिली, तर दोन्हींचा मेळ नव्हता. दुसरी डिस्क जोडताना त्यांनी एफएसटॅबमधील, म्हणजे कोणते पार्टिशन कोठे जोडायचे हे सांगणाऱ्या फाइलमधील, बूट पार्टिशनची (कर्नल ठेवलेल्या भागाची) ओळ बंद करून ठेवली होती. त्यामुळे पॅकमनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामने, नवे कर्नल रूट (मुख्य) पार्टिशनवरील रिकाम्या बूट डिरेक्टरीत लिहिले, जुनी मॉड्यूले काढून टाकली, आणि संगणक सुरू होताना कर्नल उचलणारा बूटलोडर मात्र खऱ्या बूट पार्टिशनवरील जुनेच कर्नल इमानाने उचलत राहिला. आर्चच्या आयएसओच्या पेनड्राइव्हवरून बूट करून मी दोन्ही पार्टिशने जागच्या जागी माउंट केली, म्हणजे जोडली, आर्च-क्रूट या आज्ञेने बसवलेल्या प्रणालीच्या आत शिरून ती ओळ पूर्ववत केली आणि लिनक्स, म्हणजे कर्नलचे, पॅकेज पुन्हा बसवले. लॅपटॉप सुरळीत सुरू झाला. "नशीब तुमचे," एवढेच ते म्हणाले.

नशिबाचा येथे काय संबंध? माउंट करणे, आर्च-क्रूट, कर्नल, बूटलोडर हा जो स्थापनेचा क्रम आहे, तोच दुरुस्तीचाही आहे, आणि तो ज्याने एकदाही हाताने केलेला नाही त्याला बिघाडाच्या वेळी सगळे पुसण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. आर्च विकीवरील स्थापनेचे पान समोर ठेवून सावकाश चालावे. बेस या पायाभूत पॅकेजात कर्नल, फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फाइली), टेक्स्ट एडिटर किंवा इंटरनेट जोडणारा नेटवर्कमॅनेजर यांपैकी काहीच येत नाही, हे न वाचणारे पहिल्याच रीबूटनंतर इंटरनेटविना अडकतात. अर्थात त्यावरही उपाय तोच, पेनड्राइव्ह आणि आर्च-क्रूट. पुढे अद्ययावत करताना संपूर्ण प्रणाली एकदम करावी. पॅकेजांची यादी ताजी करून एखादेच पॅकेज बसवण्याच्या पद्धतीला आर्चचा पाठिंबा नाही.

हे सारे आधी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर, करावे, हे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते, कारण चुकीच्या डिस्कवर पार्टिशन पाडले तर त्यावरील माहिती गेलीच म्हणून समजा. एकदा हाताने जमल्यावर आर्चइन्स्टॉल खुशाल वापरावे, मीही वापरतो. फक्त त्याने तयार केलेली एफएसटॅब उघडून कोणती ओळ कोणत्या पार्टिशनची आहे, हे पडताळून घ्यावे.