वाचकांचे प्रश्न : बोकड, ससा आणि मुशीचं पारपटल

प्रश्न : वर्गात दाखवायला खाटकाकडून बोकडाचे डोळे आणते. आणताना पारपटल (कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग) काचेसारखं असतं, पण पाण्यात ठेवलं की दुधी होतं. मग त्यातल्या पेशी मुलांना दाखवायच्या कशा?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : दोष पाण्याचा आहे. पारपटलाची सुमारे नव्वद टक्के जाडी स्ट्रोमाची, म्हणजे मधल्या जाड थराची असते. त्यात कोलॅजनचे सारख्या जाडीचे तंतू सारख्या अंतरावर बसवलेले असतात आणि त्यांच्यामधले प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू पाणी ओढायला टपलेलेच असतात. डोळा जिवंत असताना आतल्या बाजूचा एंडोथेलियम, म्हणजे पेशींचा एकेरी थर, हे पाणी सतत उपसत राहतो. तो मेला की स्ट्रोमा फुगतो, तंतूंमधली अंतरं विस्कटतात, प्रकाश विखुरतो.

म्हणून डोळा नॉर्मल सलाईनने (0.9 टक्के) भिजवलेल्या कापसात गुंडाळून, डब्यात घालून बर्फावर आणा आणि त्याच दिवशी वापरा. हातमोजे घाला. पारपटलाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागात गोल कापा, चिकटलेली बुबुळाची पडदी हळूच सोडवा. चिमटा फक्त पांढऱ्या कडेला लावायचा. आता ही वाटी उताणी ठेवा, म्हणजे एंडोथेलियम वर येतो. त्यावर 0.25 टक्के ट्रिपॅन ब्लू हा रंग दीड मिनिट ठेवून सलाईनने धुवा. मग 0.2 टक्के अ‍ॅलिझरिन रेड एस हा दुसरा रंग दीड मिनिट, पुन्हा धुणं. शेवटी कडेकडून मध्याकडे चार छेद द्या, पाकळ्या सपाट करा आणि काच ठेवा. छेद न देता दाबलंत तर वळ्या पडतात आणि वळीवरच्या पेशी मरतात.

पेशींच्या सीमा तांबड्या रेघांनी उठून दिसतात, मेलेल्या पेशींची केंद्रकं निळी. सीमा उमटल्याच नाहीत तर आधी अ‍ॅलिझरिनचा पीएच पाहा, तो 4.2 हवा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. निळा पट्टा सरळ रेषेत दिसला तर तो चिमट्याचा ओरखडा समजा. मोजणीसाठी 0.1 मिलिमीटर बाजूचा चौकोन घ्या. आतल्या पेशी अधिक लगतच्या दोनच बाजूंना शिवणाऱ्या, एवढ्या मोजून शंभराने गुणा. चारही बाजूंच्या धरल्या तर आकडा फुगतो.

प्रश्न : सशाचं पारपटल माणसासारखंच असतं का? डोळ्याच्या इतक्या चाचण्या सशावर का झाल्या?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : परीक्षेत थर मोजायला लावतात, त्यामुळे सगळे थरच मोजत बसतात. माणसात पाच थर; सशात, कुत्र्यात, मांजरात बोमनचा थर (बाहेरच्या पेशींखालचा पातळ थर) स्पष्ट दिसत नाही. सशाचं पारपटल पातळही असतं : माणसाचं मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, सशाचं 0.4च्या आसपास. पण आमच्या मते खरा फरक आतल्या थरात आहे. सशाच्या एंडोथेलियमच्या पेशी विभाजित होऊन जखम भरतात. माणसाच्या डोळ्यात त्या जवळजवळ विभाजित होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा झाकतात, एवढंच. प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला अडीच-तीन हजार पेशी असतात, पुढे वर्षाला साधारण अर्धा-पाऊण टक्का कमी होत जातात. पाचशेच्या खाली गेल्या की उपसा अपुरा पडून पारपटल सुजतं. म्हणूनच एंडोथेलियमची इजा सशात बरी झाली, यावरून माणसातही होईल असं म्हणता येत नाही. त्या कामाला मांजर किंवा माकड जवळचं.

ससा निवडला गेला तो सोयीसाठी : डोळा मोठा, स्वभाव गरीब, पापणी क्वचित मिटते. नेमकं हे क्वचित मिटणंच निष्कर्षात घोळ करतं, कारण रसायन डोळ्यात जास्त वेळ राहतं. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर 2014 साली बंदी आली. कत्तलखान्यातून आणलेलं गुरांचं पारपटल किती गढूळ होतं आणि त्यातून रंगद्रव्य किती झिरपतं, हे मोजणारी पद्धत 2009पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेची आहे.

प्रश्न : माशाचा डोळा कायम पाण्यात असतो. मग त्याचं पारपटल दुधी का होत नाही?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मुशीने, म्हणजे लहान शार्कने, वेगळीच तोड काढली आहे. तिच्या स्ट्रोमात पुढून मागे जाणारे आडवे टाके असतात. गादीला घातलेल्या टाक्यांसारखे ते थरांना बांधून ठेवतात, त्यामुळे कापून साध्या पाण्यात टाकलं तरी पारपटल फारसं फुगत नाही. बाकीच्या माशांत एपिथेलियम, म्हणजे पेशींचा बाहेरचा थर, मोठा भार उचलतो. खाऱ्या पाण्यातल्या माशांत त्याच्या पृष्ठावरच्या पेशी लहान आणि दाटीने असतात, गोड्या पाण्यातल्यांत त्याहून विरळ, जमिनीवरच्या प्राण्यांत आणखी विरळ. पृष्ठभागही वेगळा : माशांत बोटांच्या ठशांसारख्या बारीक वरंब्यांची नक्षी, सस्तन प्राण्यांत बहुधा सूक्ष्म उंचवटे. दोन्हींचं काम ओलावा आणि श्लेष्म धरून ठेवणं.

तुमच्याकडच्या खाजणातली निवटी (चिखलातला मासा) बघा. तिच्या पारपटलावर पारदर्शक कातडीचा वेगळा पडदा असतो आणि दोहोंमध्ये फट. डोळा या पडद्याआड फिरतो, त्यामुळे चिखलाचा संबंध पडद्याशी येतो, पारपटलाशी नाही.