पानशेतला ठेवायची जुनी बोट: पैसे देण्याआधी कागद कुठे आणि कोणते बघायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अलिबागकडे अठरा फुटी फायबरची बोट आहे, साधारण २००३ ची, मागे बाहेरून अडकवलेलं (आउटबोर्ड) इंजिन. नोंदणी वडिलांच्या नावावर, ते वारले, आता मुलगा विकतोय. साडेचार लाख मागतोय आणि "नोटरी करून देतो, नावाचं नंतर बघू" म्हणतोय. बोट पानशेतच्या बॅकवॉटरला मित्राच्या फार्महाउससमोर ठेवायचा तुमचा बेत आहे.

बोट कशी आहे हे न बघता मी काही सांगणार नाही. कागदांचं सांगतो, आणि त्याची सुरुवात अलिबागहून करू नका, पुण्याच्या मंगळवार पेठेतून करा. तिथल्या सिंचन भवनात, म्हणजे जलसंपदा खात्याच्या कार्यालयात, जाऊन आधी विचारा की पानशेत जलाशयात खाजगी यांत्रिक बोट ठेवायला परवानगी मिळते का, कोणत्या अटींवर, आणि कोणाच्या सहीने. जे सांगतील ते लेखी मागा. मित्राची जमीन काठापर्यंत असली तरी पाणी जलसंपदा खात्याचं, आणि पुणं पिण्याचं पाणी घेतं त्या धरणसाखळीतलं. पेट्रोल-ऑइल गळणारं इंजिन तिथे कोणी हौसेने येऊ देणार नाही. बोटीची नोंदणी असणं आणि ती अमुक पाण्यात उतरवायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिलीवर पैसे घालतात आणि दुसरीपाशी अडकतात. तिथून नकार आला तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

होकार आला असं धरू. बोट यांत्रिक असल्यामुळे अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो (आधीचा १९१७ चा होता, तुमच्या बोटीची मूळ नोंद बहुधा त्याखालची असेल). आपल्या राज्यात नोंदणी आणि सर्वेक्षण (बोटीची तपासणी) महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. बोर्डाची प्रादेशिक बंदर कार्यालयं वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला इथे आहेत. नोंदणी प्रमाणपत्रावर कोणत्या कार्यालयाचा शिक्का आहे ते बघा आणि विकणाऱ्याला बरोबर घेऊन तिथेच जा. त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, कार्यालयातली नोंद डोळ्यांनी बघा. तिथे मालक म्हणून कोणाचं नाव आहे, शेवटचा सर्वेक्षण दाखला कधी संपला, सातबाऱ्यावर असतो तसा बँकेचा बोजा चढलाय का, काही शुल्क थकलंय का, हे सगळं विचारा. विकणारा यायला टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच समजा.

आता वडिलांच्या नावाचं. तुमच्या व्यवहारातला खरा गुंता हा आहे, बाकी सगळं निस्तरता येतं. माल विक्री कायदा, १९३० चा साधा नियम असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. मृत्युपत्र नसेल आणि कुटुंब हिंदू असेल, तर वारसा हक्क कायद्याने त्या बोटीत आईचा, सगळ्या भावाबहिणींचा आणि आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तिचाही हिस्सा आहे. मुलगा एकटा सही करून स्वतःचा हिस्सा देऊ शकेल, बहिणीचा नाही. "ताईला काय करायचीय बोट" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. ताईला बोट नकोच असते, पण साडेचार लाख आले हे कळल्यावर तिचे यजमान फोन करतात.

त्यामुळे मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र आणि प्रत्येकाचं ना हरकत पत्र, आधार आणि पॅनच्या प्रतींसह, एवढं घ्याच. तलाठ्याकडची वारस नोंद दाखवतील. ती जमिनीपुरती, बोटीला तिचा उपयोग नाही. मृत्युपत्र असेल तर ते बघा. बंदर कार्यालय शपथपत्रांवर भागवेल की दिवाणी कोर्टाचा वारस दाखला मागेल, हे त्यांनाच आधी विचारा. तो दाखला आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, आणि त्याला नोटीस, मुदत, तारखा असे महिने जातात. वारसांच्या नावावर आधी बोट चढू दे, मग तुमच्या. मधली पायरी गाळायला मान्यता देऊ नका आणि तिचा खर्चही त्यांचाच.

नोटरीबद्दल गैरसमज फार आहे. नोटरी सही कोणाची आणि कधी झाली एवढं सांगतो. बोट कोणाची हे त्याला माहीत नसतं आणि तो तपासतही नाही. विक्री करारनामा जरूर करा, राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा लागतो. त्यात बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी, बांधणीचं वर्ष, इंजिनाचा मेक आणि नंबर लिहा. विक्रीच्या तारखेआधीची सगळी देणी, जेट्टीचं भाडं आणि राखणदाराचा पगारसुद्धा, विकणाऱ्यांची असं स्पष्ट टाका.

कागदावरचे नंबर बोटीवर आहेत का हे कागद हातात धरूनच जुळवायचे. आउटबोर्डचा नंबर बहुतेक वेळा बोटीला इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. ती पट्टी जुनी, खारवलेली आणि रिव्हेट मात्र चकचकीत, असं दिसलं तर थांबा. काही कंपन्या तोच नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर नाण्याएवढ्या गोल चकतीवरही ठोकतात. इंजिनावरचं झाकण काढून टॉर्च मारून बघा. वीस वर्षांत इंजिन बदललेलं असणं सहज शक्य आहे, त्यात गैर काही नाही, पण मग नव्या इंजिनाचं बिल आणि बंदर कार्यालयातली नोंद हवी. चोरीची आउटबोर्ड किनाऱ्यावर फिरत असतात.

बोट अमेरिकन बनावटीची निघाली तर मागच्या फळीवर उजव्या बाजूला वर बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा नंबर) असतो, १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे. परदेशी बोट म्हटली की कस्टमची बिल ऑफ एंट्री (माल आयात करताना भरलेला कागद) मागायची. कस्टम चुकवून आलेला माल तिसऱ्या हातात गेला तरी जप्त होऊ शकतो. इथेच बांधलेल्या फायबर बोटींवर असा नंबर बऱ्याचदा नसतोच. मग बांधणाऱ्याचं बिल किंवा दाखला हाच आधार.

पैशांचं थोडक्यात. इसार दहा-वीस हजारांच्या वर नको आणि तोही बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमच्याकडेही दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही. मोठी रक्कम नाव बदलाचा अर्ज दाखल झाल्याची पोच हातात आल्यावर, शेवटचा हप्ता नवं प्रमाणपत्र मिळाल्यावर. खाजगी माणसाकडून घेताना जीएसटीचा प्रश्न येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नव्या बोटींवर ४० टक्के जीएसटी झाल्यावर जुन्या बोटींचे भाव चढवून सांगायला एक निमित्त मिळालंय, तेवढं ध्यानात ठेवून घासाघीस करा.

विमा "चालू आहे" म्हणाले तरी तो तुमचा होत नाही. सागरी विमा कायदा, १९६३ प्रमाणे बोट विकली म्हणून पॉलिसी आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही. नव्या कायद्यात यांत्रिक बोटीला विमा लागतोच, आणि इतक्या जुन्या बोटीला कंपनी सर्व्हेअरचा अहवाल मागेल. तो अहवाल बोट घेण्याच्या आधीच करून घ्या, म्हणजे विम्यालाही चालेल आणि किंमत ठरवायलाही.

तुमच्या प्रश्नाखाली एकांनी "त्यापेक्षा कोळ्यांची जुनी होडी घ्या, निम्म्यात मिळेल" असं सुचवलंय. तो रस्ता मी धरणार नाही. तिची नोंद मत्स्यव्यवसाय खात्यात, नंबर आयएनडी-एमएच असा, वर बहुतेकदा सहकारी संस्थेचं कर्ज. ती नोंद रद्द करून दुसरीकडे करून घेण्यात तुमचा सगळा हंगाम जाईल.

बोट आणायचा ट्रेलर रस्त्यावर चालणार असेल तर त्याची आरटीओ नोंदणी वेगळी बघा. बोटीच्या कागदात ती येत नाही. ट्रेलरचे कागद नसतील तर बोट ट्रकवर टाकून आणा आणि ट्रेलरची किंमत भावातून वजा करायला सांगा.