चेकबुक तुमच्या पर्समध्ये होतं, बाई

*प्रिय ताई,*

*माझं वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, मिस्टर रेल्वेतून. जुळे सोलापुरात स्वतःचं घर आहे. मुलगा-सून पुण्यात, वाकडला. नात दीड वर्षाची.*

*डिसेंबरात आम्ही जोधपूरला ह्यांच्या शाळासोबत्याकडे गेलो होतो. ते एअरफोर्समधून निवृत्त होऊन तिकडेच राहिलेत. वहिनींनी फार प्रेमानं ठेवून घेतलं. एका संध्याकाळी फिरायला निघालो तर त्यांच्याच गल्लीत एक बैठं घर विकायचंय असं कळलं. तीन खोल्या, अंगण, छितर दगडाच्या भिंती, गच्चीवरून लांब किल्ला दिसतो. ह्यांनी बघितलं आणि दोन दिवसांत इसार देऊन मोकळे झाले. ५१ हजार. चेक माझा दिला, कारण ह्यांचं चेकबुक सोलापुरात राहिलं होतं.*

*घर तसं वाईट नाही. ओटा माझ्या उंचीला बरोबर आहे, इथे मी सगळा जन्म पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या. सकाळचं ऊन खिडकीतून थेट शेगडीपर्यंत येतं. पण ताई, म्हातारपण काढायला कोणी वाळवंटात जातं का? नातेवाईक हसायलेत. मुलगा चिडलाय. त्यानं आमच्यासाठी त्याच्याच सोसायटीत वन बीएचके बघून ठेवलाय, नातीला पाळणाघरात ठेवायचं नाही म्हणून. जोधपूरला आपलं कोणी नाही, भाषा नाही. ह्यांच्यापुढं माझं आजवर कधी चाललं नाही. मार्चअखेर उरलेल्या पैशांचं बोलायचंय. ह्यांना चार शब्द तुम्हीच सुनवा.*

*एक त्रस्त गृहिणी, सोलापूर*

बाई,

शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते. ‘त्रस्त गृहिणी’ ही सही तुम्हाला शोभत नाही. स्वतःचं पेन्शन घेता तुम्ही.

घर नको असलेली बाई ओट्यापाशी जाऊन उभी राहत नाही. ती उंबऱ्यातूनच मान आत घालते, ‘छान आहे हं’ म्हणते आणि चपला शोधायला लागते. तुम्ही ओट्याला टेकून उभ्या राहिलात, पोळपाट कुठे ठेवायचा आणि कोपर कुठवर येतं ते बघितलंत. घरी येऊन पाटावर चढलात तेव्हा पुन्हा आठवलं असणार, त्याशिवाय ते अशा पत्रात आलं नसतं.

आणि ते ऊन? घर बघितलं संध्याकाळी असं तुम्हीच लिहिलंय. मग सकाळचं ऊन शेगडीपर्यंत येतं हे कोणी सांगितलं? घरमालकानं नक्की नाही. घर विकणारा माणूस अंगणाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं दाखवतो, रस्ता किती फुटी आहे ते सांगतो, शेजारी कोण साहेब राहतात ते सांगतो. शेगडीवरचं ऊन त्याच्या गावी नसतं. म्हणजे तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलात. माझा अंदाज असा की वहिनींना घेऊन, दूध आणायच्या निमित्तानं, ह्यांना न सांगता. चुकत असेन तर कळवा.

मग तो चेक. मित्राकडे पाहुणचाराला निघालेली कोणती बाई पर्समध्ये चेकबुक टाकते? सवयीनं टाकलं असेल, सोडून देऊ. पण घरमालकाचं नाव लिहिताना, ‘एक्कावन्न हजार फक्त’ असं अक्षरी लिहिताना, खाली सही करताना तुमचा हात कोणी धरला होता का? ह्यांच्यापुढं माझं चालत नाही म्हणता, आणि आख्ख्या व्यवहारात आजवर जी एकमेव सही झाली ती तुमची.

तेव्हा ह्यांना मी एक शब्दही सुनावणार नाही. उतावळेपणा केला त्यांनी, कबूल. पण घर आवडलं आणि ते तसं चारचौघांत बोलले. तुम्हालाही आवडलं, आणि तुम्ही ते तक्रारीच्या दोन ओळींमध्ये दडवून माझ्याकडे धाडलंत. आता मी त्यांना झापलं आणि त्यांनी सौदा मोडला, तर मुलगा खूश आणि तुमच्यावर ठपका नाही. नाही मोडला, तर तुम्ही जोधपूरला जाणार, त्या ओट्यावर सुखानं पोळ्या लाटणार, आणि पुण्याहून फोन आला की उसासा सोडणार, ‘काय करू बाळा, तुझ्या बाबांनी आणलं इथं.’ कसंही झालं तरी तोंड उघडायची वेळ तुमच्यावर येत नाही. फार हुशारीनं लिहिलेलं पत्र आहे, आणि वाचून मला तुमचा रागच आला.

घाबरताय तुम्ही वाकडला. जोधपूरविरुद्ध तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं लोकांच्या तोंडचं आहे. वन बीएचकेबद्दल मात्र चांगलं-वाईट काहीच नाही. तिथला ओटा केवढा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही तो फ्लॅट बघितलेला नाही, किंवा बघितलात तो दारातूनच.

नातीचं वय तुम्ही दिलंत आणि पाळणाघराचा उल्लेख केलात, तेवढ्यात ती पोर पत्रातून निघून गेली. तुमचा तिच्यावर जीव नाही असं मी अजिबात म्हणत नाही. इथे थोडं थांबून, न रागावता सांगते. तुम्ही नोकरीचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसण्यात घालवलंत. खिचडीचा हिशेब ठेवलात, शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेत, जनगणनेसाठी उन्हातान्हात दारोदार गेलात, निवडणुकीत कुठल्या कुठल्या खेड्यात रात्र काढलीत. घरी येऊन स्वतःचा मुलगा वाढवलात. आता ६१व्या वर्षी सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत पुन्हा एक बाळ, अकराव्या मजल्यावर, जिथे खाली उतरलं तर ओळखीचं कोणी नाही. नको वाटतं ना? वाटू दे. नातीवर माया असते आणि नको पण वाटतं, एकाच वेळी, एकाच बाईला. आजीनं असं बोलायचं नसतं हे तुम्हाला कोणीतरी लहानपणी शिकवलंय आणि तुम्ही पाठ करून ठेवलंय.

मुलगा वाईट नाही. त्याला तुमची काळजी आहे आणि त्याचा तुमच्यावर हक्कही आहे, असं त्याला वाटतं. आईला विचारायचं नसतं, गृहीत धरायचं असतं, हे त्यानं कुठून शिकलं ते तुम्हीच तपासा. सून काय म्हणते ते तुम्ही लिहिलंच नाहीत, तर तिला तरी कोणी विचारलंय का की तिला सासू शेजारच्या विंगमध्ये हवी आहे की नात पाळणाघरात गेलेली चालेल? असो, तो तिचा प्रश्न, तिचं पत्र आलं तर उत्तर देईन.

आता हसणारे लोक. सोलापूरकरांनी वाळवंटाला हसावं याची मला मोठी गंमत वाटते. आपण पर्जन्यछायेत बसलेलो, उजनी भरली तरी नळाला पाणी काही दिवसांआड, मे महिन्यात पारा ४३-४४वर. जोधपूरला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याहून बराच कमी. पण शहराला पाणी येतं ते पार पंजाबातून, सतलज-बियासच्या संगमापाशी हरिके इथे इंदिरा गांधी कालवा निघतो आणि पुढे राजीव गांधी लिफ्ट कालव्यानं ते पाणी उचलून जोधपूरला आणलेलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्याला तिकडे नहरबंदी म्हणतात, आणि मग पाण्याची कपात होते. पिंपं भरून ठेवायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज आहे का? त्या गावाचा उमेद भवन राजवाडा, तुमच्या घराला आहे त्याच छितर दगडाचा, १९२९ साली बांधायला घेतला तो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. दुष्काळी काम म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला माहीत आहे.

भाषेचं तर बोलूच नका. ज्या गावात दुकानदार तेलुगूत हिशेब करतो, शेजारीण कन्नडमध्ये भांडते आणि रिक्षावाला उर्दूत मस्करी करतो, त्या गावची बाई म्हणते भाषा नाही. तुमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली पोरं असतीलच, त्यांच्या आयांशी तुम्ही कशा बोलत होतात? भाकरी तिकडेही खातात, बाजरीची. मालदांडी ज्वारीचं पीठ आणि शेंगांची चटणी सोबत न्या, वहिनी सांगरीची भाजी देतील. ती सांगरी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो त्या शमीच्याच शेंगा. चार महिन्यांत गल्लीतल्या बायका तुमच्याकडे पोरांचा अभ्यास घेऊन येतील, आणि मग तुम्ही मला वेगळीच तक्रार लिहाल.

एका बाबतीत मात्र तुम्ही दोघंही भाबडे निघालात. डिसेंबरातलं जोधपूर दाखवलं तर कोणीही घर घेईल. मे-जूनमध्ये तिकडे धुळीच्या आंध्या येतात, भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात. जोधपूरहून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. सोलापूरचा उन्हाळा काढलेल्या माणसाला घाम नवा नाही, पण साठीनंतर रक्तदाबाच्या गोळ्या खात काढलेला उन्हाळा नवा असतो. दवाखान्याची भीती मात्र मनातून काढा. जोधपूर हे रेल्वेचं विभागीय ठिकाण आहे, तिथे रेल्वेचं रुग्णालय आहे, ह्यांच्या वैद्यकीय कार्डावर तुमचंही नाव असेल. २०१२पासून तिथे एम्ससुद्धा आहे. आपल्याकडे मोठं काही झालं की आधी पुण्याची गाडी बघावी लागते, हे तुमच्या हसणाऱ्या नातेवाइकांनाही ठाऊक आहे.

कागदपत्रांचं ह्यांना करू दे, रेल्वेतला माणूस आहे, फायली वाचता येतात त्यांना. घराचा पट्टा, म्हणजे तिकडचा मालकीचा कागद, जोधपूर विकास प्राधिकरणाचा आहे की एखाद्या सोसायटीचा, एवढं तिथल्या वकिलाकडून बघून घ्या. शेतजमिनीवर पाडलेल्या प्लॉटचा सोसायटी पट्टा असेल आणि ‘नब्बे-ए’, म्हणजे ती जमीन बिगरशेती करून घेण्याची तिकडची कारवाई, झालेली नसेल, तर ५१ हजार गेले असं समजून उठा, पण पुढचा रुपया देऊ नका. सगळं नीट निघालं तर खरेदी तुमच्या नावानं करा. राजस्थानात बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क कमी लागतं, हे कारण ह्यांना पुरेल. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. आणि जुळे सोलापूरचं घर विकायचं नाही. भाड्यानं द्या, एक खोली स्वतःकडे ठेवा, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला यायचं तर उतरायला जागा हवी.

हे सगळं नंतरचं. आधी मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. येत्या रविवारी सकाळी मुलाला फोन करा. ह्यांना शेजारी बसवू नका, स्पीकर लावू नका, आणि आदल्या रात्री तालीम करून ह्यांच्याकडून वाक्यं घेऊ नका. म्हणायचं एवढंच, ‘जोधपूरचं घर मला आवडलंय. इसाराचा चेक मी दिला. मला तिथे राहायचंय.’ तिन्ही वाक्यांत ‘मी’ किंवा ‘मला’ आहे का ते व्याकरणाच्या बाईंनीच तपासून घ्यावं. ‘बाबा म्हणतात’ नको, ‘तुला चालत असेल तर’ नको, आणि सगळ्यात शेवटी ‘पण’ तर मुळीच नको. तो नातीचं काढेल. तेव्हा सांगा की सुट्ट्यांमध्ये तिला घेऊन या, आणि पाळणाघर चांगलं बघायला मी चार दिवस येते. तेवढी मदत मनापासून करा, तिथे कंजूषपणा नको.

तो चिडेल. चिडला की आवाज चढवेल, कदाचित फोन ठेवेल. तुम्ही लगेच परत लावायचा नाही, ह्यांनाही लावू द्यायचा नाही. त्याचा किंवा सुनेचा फोन येईपर्यंत थांबायचं. बहुधा सुनेचाच येईल, पोरीला ताप आलाय, कोणता काढा देऊ, असं काहीतरी विचारायला. तिला काढा सांगा, किती द्यायचा ते सांगा, ताप उतरला नाही तर डॉक्टरकडे न्यायला सांगा, आणि घराचा विषय तिनं काढल्याशिवाय तुम्ही काढू नका.