गेंगाणा आवाज: सुरुवात इथून करा

गाताना आवाज खरंच नाकातून येतोय का, याची आधी खात्री करून घ्या. 'आ' लावा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बदलला, तर हवा नाकातून जातेय. (ही परीक्षा 'म', 'न'वर नको, ते नाकातूनच यायचे.) बोलताना 'म'चा 'ब' होत असेल, तर मात्र नाक चोंदलंय, ते काम रियाजाचं नाही, डॉक्टरांचं.

सध्या दोनच गोष्टी:

- जांभई येताना पडजिभेजवळचा मऊ भाग वर जातो. तो ओळखा. मग जबडा सैल ठेवून मध्य सप्तकात (मधल्या, सहज लागणाऱ्या स्वरांत) 'गा-गा-गा'.
- आकार (म्हणजे 'आ'वर गाणं) जमल्यावरच 'ई' घ्या. तो हट्टी असतो.

नवशिके हमखास घसा दाबून आवाज जाड करतात. गेंगाणेपणा तसाच राहतो, वर घसा बसतो. तार सप्तकाची (वरच्या, उंच स्वरांची) तर घाईच नको. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकत जा, गाताना स्वतःला खरं ऐकू येत नाही.