आधी वहीत उत्तर, मग रन

या खेपेला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकतीच हातात घेतलेल्यांचे प्रश्न जास्त आले आहेत, म्हणून आज तेच घेतो. वाचायला सोपं जावं म्हणून कोड इथे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना आज्ञा आणि आकडे इंग्रजीतच करायचे.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोरी विंडो उघडली की एक ओळ सुचत नाही. तीन महिने झाले. मला जमणार नाही का? (बीसीए पहिलं वर्ष, तासगाव)

जमेल. दुसऱ्याने फळ्यावर सोडवलेलं गणित नेहमी सोपंच वाटतं, तुमचं तेच होतंय. व्हिडिओ आठवडाभर बंद ठेवा आणि रोज चार-पाच ओळींचा एकच तुकडा घ्या. आजचा हा घ्या:

बेरीज = ०
फॉर न इन रेंज(१, ५):
    बेरीज = बेरीज + न
प्रिंट(बेरीज)

हा हाताने टाइप करा, चिकटवू नका. आणि रन दाबण्याआधी उत्तर वहीत लिहा. माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला येणारी बरीच मुलं इथे १५ लिहितात. पडद्यावर येतात १०. मग वहीत दोन रकाने आखायचे, एक 'न'चा, एक 'बेरीज'चा, आणि प्रत्येक फेरी लिहायची: १ ला १, २ ला ३, ३ ला ६, ४ ला १०. पाचवी फेरी होतच नाही, कारण रेंज शेवटचा आकडा धरत नाही. हे वाक्य व्हिडिओत तुम्ही दहादा ऐकलं असेल, पण स्वतःचं १५ चुकल्यावर ते जन्मभर लक्षात राहतं.

आता तोच तुकडा मुद्दाम बिघडवा. प्रिंटची ओळ आत सरकवा, म्हणजे तिच्याआधी चार स्पेस द्या. काय छापून येईल? आधी लिहा, मग बघा: १, ३, ६, १०, चार वेगळ्या ओळींवर. प्रिंट परत बाहेर काढा आणि 'बेरीज = ०' ही ओळ लूपच्या, म्हणजे फेऱ्यांच्या, आत पहिली म्हणून टाका. आता उत्तर ४, कारण दर फेरीला पाटी पुसली जाते आणि शेवटचा आकडा तेवढा उरतो. चार ओळींत लूप, व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) आणि इंडेंटेशन (ओळ आत सरकवणं) तिन्ही शिकून झालं. असे वीस तुकडे केलेत की कोऱ्या विंडोत पहिली ओळ कुठून सुरू करायची ते हाताला कळायला लागेल.

मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, वय ४३. दोन पोत्यांची वजनं ५० आणि ४८ दिली तर प्रोग्रॅम ५०४८ दाखवतो. चूक कुठे? (सांगली)

तुमची बेरीज बरोबर आहे, माल चुकीच्या रूपात आलाय. 'इनपुट' ही आज्ञा जे टाइप होईल ते मजकूर म्हणूनच देते, आकडे असले तरी. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की पायथॉन ते एकापुढे एक जोडतो. म्हणून इनपुटभोवती 'इंट' लावा, तो मजकुराचा पूर्णांक करतो; उत्तर ९८ येईल.

पण तुमचा काटा ४८.५ ही दाखवत असणार. तिथे 'इंट' अडकेल आणि व्हॅल्यूएरर (ही किंमत चालत नाही अशी चूक) देईल, तेव्हा दशांशासाठी 'फ्लोट' वापरा. त्यातही एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा: प्रिंट(०.१ + ०.२) चालवा. ०.३ च्या पुढे भलीमोठी शून्यांची रांग आणि शेवटी ४ दिसेल. कॉम्प्युटर दशांश आतून द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो, आणि ०.१ त्या पद्धतीत पुरता बसत नाही. शेतकऱ्याला द्यायच्या पट्टीच्या हिशेबाला हे चालायचं नाही. माझा सल्ला असा, वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. छापताना तेवढं भागून दाखवा. व्यवहार माहीत असलेला माणूस प्रोग्रॅमिंग लवकर शिकतो, कारण चुकीचं उत्तर त्याला बघताक्षणी खटकतं. ५०४८ किलोची दोन पोती नसतात, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

पुराच्या पातळीवर छोटा प्रोग्रॅम केला. ४० फुटांना 'इशारा' आणि ४५ ला 'धोका' छापायचं आहे. ४७ दिले तरी 'इशारा'च येतो. (हरिपूर)

विषय मनापासून आवडला. सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या या दोन पातळ्या आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहेत. तुमचा कोड असा आहे:

इफ पातळी >= ४०:
    प्रिंट("इशारा")
एलिफ पातळी >= ४५:
    प्रिंट("धोका")

पायथॉन वरून खाली येतो आणि पहिली खरी अट भेटली की बाकीच्यांकडे बघत नाही. ४७ हे ४० पेक्षा मोठेच, तेव्हा खालची अट कधीच तपासली जात नाही. मोठी अट वर घ्या. मग पाच आकडे देऊन बघा: ३९, ४०, ४४, ४५ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले ५७. चूक बहुधा काठावरच्या आकड्यांवर सापडते; '>=' ऐवजी नुसतं '>' पडलं असेल तर बरोबर ४५ फुटांना तुमचा प्रोग्रॅम 'इशारा' म्हणत राहील.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीतून कोड लिहिता येतो का? (अकरावी, कराड)

थोडा येतो. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव 'वजन' किंवा 'बेरीज' असं देवनागरीत ठेवलेलं चालतं. सुरुवातीला खुशाल ठेव, विचार मराठीत होतो तर नावंही मराठीत असू देत. एक गंमत करून बघ: इंट("५०") असा देवनागरी आकडा अवतरणचिन्हांत दिलास तर पायथॉन त्याचे पन्नास करून देतो. तोच ५० थेट कोडमध्ये लिहिलास तर मात्र सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची चूक.

आज्ञा इंग्रजीतच राहतात, पण सुरुवातीला लागणारे शब्द तीसेक असतील. खरी भीती एरर मेसेजची वाटते ना? तो खालून वाच. शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची ते असतं, तिच्या वर ओळीचा क्रमांक. वहीच्या मागच्या पानावर मराठीत अर्थ लिहीत जा: नेमएरर म्हणजे हे नाव मला कुणी सांगितलंच नाही, इंडेंटेशनएरर म्हणजे ओळ आत-बाहेर चुकली.

लॅपटॉप नाही, मोबाइलवर होईल का? (जत)

होईल. अँड्रॉइडवर 'पायड्रॉइड ३' हे ॲप इंटरनेट नसतानाही चालतं. मोबाइलवर स्पेस मोजताना डोळे दुखतात, म्हणून तुकडे सहा ओळींच्या आतच ठेवा. आणि दुसरीकडून कोड आणलात तर वळणदार अवतरणचिन्हं बदलून साधी सरळ करा, ती एररच देतात.

मुलगा एआयकडून कोड लिहून घेतो आणि 'झालं' म्हणतो. मला यातलं काही कळत नाही, मी कसं तपासू? (वाई)

तुम्हाला कोड कळायची गरज नाही. शेजारी बसा, मधल्याच एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "ही ओळ काढली तर काय होईल?" त्याला उत्तर कागदावर लिहू द्या. मग ती ओळ काढून चालवायला सांगा आणि दोघांनी मिळून पडदा बघा. अशा तीन ओळी पुरेत. लिहिलेलं आणि घडलेलं जिथे जुळणार नाही, तेवढा भाग त्याच संध्याकाळी एआय बंद ठेवून त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या.